गारगोटीखालची बोटुकली

विटक्लिप, गुरुवार, १० फेब्रुवारी २०२२

बारेंड,

प्रिय वगैरे लिहीत नाही. तुझा फोन लागत नाही. आधी वाटलं पैसे संपले असतील, मग वाटलं फोनच विकला असशील. आता कळलं की नंबर बदललास. तू केपटाउनला डोरोथिया मावशीकडे आहेस, हे अपॉलसकाकाने सांगितलं. त्याची टॅक्सी दर शुक्रवारी तिकडे जाते आणि रविवारी परत येते, हे आपल्या गावच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. लपायचं तर गावचा टॅक्सीवाला ज्या गल्लीत उतारू सोडतो त्याच गल्लीत लपावं, एवढी अक्कल तुझ्याकडेच. हे पत्र त्याच्याच हाती देतेय. तो वाचणार नाही. चष्मा फुटलाय त्याचा.

मागच्या आठवड्यात सोमवारी पोलिसांनी आमच्या रोपवाटिकेत तीन खोकी आणून टाकली. रस्त्यावरच्या तपासणीत एक पिकअप अडवली, दोन माणसं धरली, तिसरा उडी मारून पळाला म्हणे. खोक्यांत बोटुकल्या होत्या, परदेशी शौकिनांना विकायला चोरून उपटलेली ती बोटाच्या पेराएवढी रोपं. संडासच्या कागदात गुंडाळलेल्या, एकीवर एक, अंडी रचतात तशा. आमच्याकडे अशी खोकी महिन्याला येतात. मी चार वर्षं हेच करतेय: कागद सोडवायचा, मुळं झटकायची, मोजायचं, चाळलेल्या वाळूत बसवायचं, पट्टीवर तारीख लिहायची. जागेच्या रकान्यात रेघ मारायची, कारण जागा कधीच माहीत नसते.

या खेपेला एकशे शहाऐंशी पुंजके होते. मी रेघ मारली. पण माझा हात थांबला होता, बारेंड. शेजारी कागद सोडवत बसलेल्या रोझलीनने विचारलं, "काय गं, विंचू निघाला की काय?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं."

मला ओळखू आल्या. कशा, ते सांगत नाही.

शनिवारी मी गाढवगाडी घेऊन शेळ्यांच्या जुन्या तळावर गेले. आईच्या थडग्यावरच्या गारगोट्या जशाच्या तशा होत्या. लांबून पाहिलं तर कोणाला काही कळणार नाही. जवळ जाऊन एक उचलली. खाली भोक. दुसरी उचलली, भोक. बारा वर्षांपूर्वी आपण दोघांनी पलीकडच्या टेकाडावरून त्या गारगोट्या पोत्यांत भरून आणल्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या फटींतून हिरवे ठिपके वर आले. दगडांबरोबर बी आलं होतं. तूच ओरडत आला होतास, "सीना, आईला बोटं फुटली!" मग दर वर्षी वाळलेली बोंडं भिजवून, आईच्या चहाच्या गाळणीतून मी बी भुरभुरत राहिले. मुगाएवढं व्हायला त्यांना दोन वर्षं लागतात. तुला किती वेळ लागला? एक दुपार?

बाहेरचा चोर दगड परत ठेवत नाही. फेकून देतो. एकेक गारगोटी जिथली तिथे बसवणारा माणूस मला एकच माहीत आहे. गादी चोरून वर चादर नीट अंथरून ठेवणारा. घरी येऊन खण उघडला. आईचा लांब दांड्याचा चमचा, हाडातला गर काढायचा तो, जागेवर नाही.

परत ये आणि बोल.

फ्रान्सिना
(सीना म्हणायचं नाही.)

गुरुवार, ३ मार्च

बारेंड,

उत्तर नाही. बरं.

एकशे शहाऐंशीचे एकशे त्रेचाळीस झाले. सांगते कसे, म्हणजे तुला झोप लागेल.

आत्ता त्या झोपलेल्या असतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. उन्हाळाभर अंगावर कागदासारखी वाळकी साल ओढून पडून राहायचं, जुन्या पानाने स्वतःला सुकवून आतल्या नव्या पानाला पाजायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं मेली. तेव्हा हात लावायचा नाही, पाणी दाखवायचं नाही. आई म्हणायची, झोपलेल्याच्या तोंडात घोट ओतला तर तो बुडतो.

वरून एक साहेब यायचे होते. पकडलेल्या रोपांबरोबर फोटो काढायला. आदल्या दिवशी त्यांचा माणूस येऊन ट्रे बघून गेला आणि म्हणाला, "हे सगळं मेलेलं दिसतंय. साहेब येईपर्यंत जरा टवटवीत करा."

मी म्हटलं, "त्या झोपल्यात."

"मग उठवा."

"एप्रिलमध्ये उठतील. साहेबांना एप्रिलमध्ये बोलवा."

त्याने माझं नाव विचारून घेतलं. आमच्या मुख्य अब्राहम्स बाई असत्या तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. वनस्पतींचं त्यांच्याएवढं कोणाला कळत नाही, आणि माणसांची त्यांना भीती नाही. पण त्या दौऱ्यावर होत्या. मी दुपारी जेवायला गेले तेवढ्यात कोणीतरी झारी फिरवली. साहेब आले, फोटो झाला, गेले. पाचव्या दिवशी पहिलीचा रंग चहासारखा झाला. बोट लावलं तर बोट आत गेलं. त्रेचाळीस, बारेंड. वास येतो त्याला, कुजक्या बटाट्यासारखा. मी त्या पेटीत भरून जाळल्या. पुरल्या नाहीत. पुरायची जागा त्यांना होती.

अब्राहम्स बाईंनी परत आल्यावर एकेक ट्रे तपासला. संध्याकाळी उरलेले ट्रे माझ्याबरोबर आत उचलताना म्हणाल्या, "फ्रान्सिना, यांची जागा कळली असती ना, तर पहिल्या पावसात मी स्वतः नेऊन लावल्या असत्या. जागेशिवाय नाही लावता येत. भलत्या टेकडीवर लावल्या तर तिथल्यांना रोग द्यायचा आणि यांनाही मारायचं."

"आणि इथेच ठेवल्या तर?"

"तुला माहीत आहे इथे काय होतं."

मला माहीत आहे. पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा जातो. मग पिठ्या ढेकूण लागतो. मग कोणीतरी झारी फिरवतं.

मी ट्रे उचलत राहिले. काय सांगू? की बाई, जागा मला पाठ आहे, तिथे माझी आई आहे? आणि पुढचा प्रश्न येणार, तुझ्याशिवाय कोणाला माहीत होती? आपल्यात जागा सांगत नाहीत. ज्याला दाखवायची त्याला हात धरून नेऊन दाखवतात. आईने मला नेलं, मी तुला. संपली यादी.

आणखी एक. मी कशा ओळखल्या, ते. एका पुंजक्याच्या मुळांत आईच्या निळ्या फुलांच्या कपाचा तुकडा अडकला होता. दफनाच्या दिवशी आपण तिचा कप थडग्यावर फोडला होता, तोच. मुळांनी तो असा धरला होता की सोडवताना चार मुळं तुटली. तो तुकडा मी पोलिसांच्या यादीत लिहिला नाही. एप्रनच्या खिशात घातला. आता घरी साखरेच्या डब्यात आहे.

म्हणजे तुझ्यापायी मीही चोर झाले. आता तरी ये.

फ्रान्सिना

गुरुवार, २४ मार्च

बारेंड,

अपॉलसकाका रविवारी रात्री परत आला आणि सोमवारी सकाळच्या जवळच्या फेरीत मुद्दाम रोपवाटिकेच्या फाटकाशी थांबला. टॅक्सीत सात माणसं, दोन मेंढ्या, आणि सगळ्यांसमोर खिडकीतून ओरडून सांगतो, "भावाचा निरोप आहे! म्हणाला, सीनाला म्हणावं, आधी फोटो कोणी पाठवला ते सांग!" आणि वर हसतो. मेंढ्या सोडून सगळे हसले.

कसला फोटो?

मला काही माहीत नाही. तुला दीड महिन्यात दोन पत्रं लिहिली आणि तुला सुचलं ते हे. शब्द पाठवायचे तर कागदावर पाठव, टॅक्सीवाल्याच्या तोंडून नको.

आणखी नऊ गेल्या. पिठ्या ढेकूण.

फ्रान्सिना

गुरुवार, २१ एप्रिल

बारेंड,

चार आठवडे लिहिलं नाही. दर गुरुवारी कागद काढत होते.

फोटो मी पाठवला.

गेल्या वर्षी मे महिन्यात. तुला आठवत असेल, सात वर्षांच्या दुष्काळानंतर तो पहिला बरा पाऊस. मी तळावर गेले तर आईचं थडगं दिसेना. जांभळं. एकही गारगोटी दिसत नव्हती इतकी फुलं. अकरा वर्षं मी कोणाला काही बोलले नव्हते, की पाहा, हे मी केलंय, चहाच्या गाळणीने केलंय. रोपवाटिकेत सगळं बाईंचं नाव, साहेबांचा फोटो. मी झारीवाली. त्या दिवशी वाटलं, एकदा तरी कोणीतरी म्हणावं. फोन काढला, फोटो घेतला, चर्चच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "देवाने माझ्या आईला शाल पांघरली." देवाने म्हणे. मला म्हणायचं होतं, मी.

बत्तीस जणींनी हृदयं पाठवली. कोणीतरी पुढे ढकलला. कोणाच्या मुलाने, कोणाच्या दिराने. मागे ती फुटक्या माथ्याची टेकडी सबंध दिसत होती. मी थडगं बघत होते. टेकडी बघितलीच नाही.

तर असं झालं असणार, आणि नसेल तर कळव. डिसेंबरात कोणी परका माणूस तुझ्याशेजारी येऊन बसला. खाण बंद पडल्यापासून तू वाण्याच्या दुकानाच्या पायरीवरच बसलेला असतोस, तुला शोधायला कष्ट नाहीत. त्याने फोन पुढे केला आणि विचारलं, "मित्रा, ही टेकडी ओळखतोस?" फोनवर तुझ्या आईचं थडगं. तुझ्या बहिणीने पाठवलेलं.

मी महिनाभर स्वतःवर एवढी संतापले की तुझ्यासाठी राग उरेल की नाही असं वाटलं. उरला. चिक्कार उरला. कारण बघ, टेकडी मी दाखवली, मूर्खपणाने दाखवली, त्याची लाज मी मरेपर्यंत बाळगेन. पण त्याने विचारल्यावर "नाही" म्हणायला किती श्वास लागतो? आपल्यातला कोणताही माणूस नाही म्हणाला असता. अपॉलसकाका म्हणाला असता, आणि तो कशालाच नाही म्हणत नाही. तू हो म्हणालास. मग घरी आलास, माझ्या हातची जाळीवरची भाकर खाल्लीस, आणि खणातून आईचा चमचा उचललास.

तू म्हणशील, ते शोधून काढणारच होते, कुदळीने खणलं असतं, मी निदान हळू काढल्या. म्हणू नकोस. तू हळू काढल्यास याचाच मला जास्त राग आहे. कुदळवाल्याला माहीत नसतं तो काय खणतोय.

रात्रीचं दव पडायला लागलंय. आणखी तीन गेल्या, ट्रेमध्ये एकशे एकतीस उरल्यात, आणि त्यातल्या काहींची साल फाटायला लागलीय. उठतायत. पहिल्या पावसाच्या आत त्या जमिनीत गेल्या पाहिजेत. नाहीतर त्या ट्रेमध्ये फुलतील, आणि कोणीतरी साहेब येऊन फोटो काढेल.

फ्रान्सिना

गुरुवार, ५ मे

बारेंड,

सांगितलं.

मंगळवारी साखरेच्या डब्यातला तुकडा अब्राहम्स बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. थडगं, गारगोट्या, गाळणी, फोटो. बाईंनी मधे एकदाच विचारलं, "बियाने लावल्यास? तू?" मी म्हटलं, "हो." त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "आमच्यातल्या निम्म्यांना हे जमत नाही." बारा वर्षं ज्या वाक्यासाठी तळमळले ते मिळालं, आणि कसल्या वेळी मिळालं बघ. मला ते तोंडावर फेकावंसं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "हे पोलिसांना सांगावं लागेल." मी म्हटलं, "चला."

तिथल्या जाड्या सार्जंटने सगळं लिहून घेतलं. तुकडा पिशवीत घातला. तुकडा लपवल्याबद्दल माझ्यावर काय करायचं ते नंतर ठरवू म्हणाला. मग ज्याची वाट बघत होते तो प्रश्न आला.

"ही जागा आणखी कोणाला माहीत आहे?"

"जिवंत माणसांत दोघांना."

"दुसरा कोण?"

"तेवीस तारखेला सोमवार आहे. तेव्हा येऊन सांगते."

"बाई, ही काय शिवणाची शिकवणी आहे? या सोमवारी एवढं, पुढच्या सोमवारी तेवढं?"

"तुम्ही तीन महिने थांबलात. अजून तीन आठवडे थांबा. मी पळणारी असते तर आलेच नसते."

तो बाईंकडे बघत राहिला. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्याने वहीत तारीख लिहिली आणि खाली दोनदा रेघ ओढली.

आता नीट वाच. पाऊस पंधरवड्यात येणार, समुद्राकडून ढग दिसतायत. लावणी अठरा तारखेला. परवानगी मिळाली. पण एक गोष्ट मला येत नाही. कोणती कुठली ते मला माहीत नाही. आईच्या डोक्याशी बारीक दाण्याच्या होत्या, पायाशी मोठ्या, डाव्या कडेला त्या दोन लालसर. ज्या दगडाच्या सावलीत जी वाढली तिला तोच दगड लागतो. दुपारी तोच तिला वाचवतो. ट्रेमध्ये सगळ्या एक झाल्यात. तू एकेक काढलीस आणि एकेक दगड परत ठेवलास. हे फक्त तुला ठाऊक आहे.

म्हणून ये. तेरा तारखेला अपॉलसकाका तिकडे येईल, पंधराला निघेल. पुढची खिडकीची सीट त्याने धरून ठेवलीय. तिच्यावर मेंढी बसवणार नाही असं त्याने मला शपथेवर सांगितलंय. चमचा घेऊन ये. आधी लाव. मग माझ्याबरोबर सार्जंटकडे चल, आणि दुसरा कोण ते तुझ्या तोंडाने सांग. मी शेजारी बसेन. बोलणार नाही, पण बसेन.

माफ केलेलं नाही. माफीसाठी बोलावत नाही. कामासाठी बोलावतेय.

फ्रान्सिना

गुरुवार, १९ मे

बारेंड,

रविवारी संध्याकाळी मी रस्त्यावर उभी होते. टॅक्सी थांबली. पुढची सीट रिकामी होती. म्हणजे माणूस नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब वस्तू पट्टा लावून बसवली होती.

अपॉलसकाका या खेपेला हसला नाही. म्हणाला, "कोपऱ्यापर्यंत आला होता गं. पिशवी पण होती हातात. दार उघडलं मी. मग हे ठेवलं आणि म्हणाला, पट्टा लाव काका, पडेल."

चमच्यासाठी पट्टा. भित्रा. हा शब्द मी तीन महिने लिहिला नव्हता, आज लिहिते. खाणीत दोनशे मीटर खाली उतरणारा माणूस, आणि बहिणीच्या समोर उभं राहायला घाबरतो.

वर्तमानपत्राच्या आत दुसरा कागद होता. वाण्याच्या पिशवीचा, फाडून सपाट केलेला. त्यावर आईचं थडगं. प्रत्येक दगड काढलास, प्रत्येकाच्या आत आकडा, त्याखालच्या पुंजक्याला किती डोकी, लहान की मोठी, लालसर त्या दोन कुठे. कपाचा तुकडा होता तिथे छोटासा कप काढलास, कान असलेला. एकशे शहाऐंशी. मी तीनदा मोजल्या.

काल लावल्या. मी, अब्राहम्स बाई, रोझलीन. तुझा कागद एका गारगोटीखाली दाबून ठेवला होता. चमच्याने खड्डा, त्यात पुंजका, कडेने वाळू, वर दगड. बाई तुझ्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "ज्याने हे काढलंय त्याला आमच्याकडे नोकरी द्यायला हवी होती." मी म्हटलं, "ज्याने हे काढलंय त्यानेच यासुद्धा काढल्यात." त्या पुढच्या दगडाकडे वळल्या. एकशे एकतीस बसल्या. पंचावन्न दगडांखाली काही नाही. मी ते तसेच ठेवले. पुढच्या वर्षी बोंडं येतील, गाळणी घरी आहे.

आणि मग डोक्याशी तो मोठा दगड, जो आपण दोघांनी मिळून उचलला होता. तुझ्या चित्रात त्याच्यावर फुली होती, आकडा नव्हता. मला वाटलं चुकलास. बाईंनी आणि मी मिळून तो कलता केला.

खाली होती. जुनी साल अंगावर, मधोमध चीर पडलेली, आत हिरवी. पहिल्या हिवाळ्यातली, जिच्यासाठी तू ओरडत आला होतास. आता तिची बावीस डोकी झालीत. पिकअपमधल्या त्या दोघांच्या नजरेसमोर तू हा दगड न उचलता पुढे सरकला असशील. एकशे शहाऐंशी दिल्यास आणि एक लपवलीस.

मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की मी चमचा जमिनीत खुपसला. कारण म्हणजे तुला येत होतं. "नाही" म्हणता येत होतं तुला, बारेंड. एकदा म्हणालासही. उरलेल्या एकशे शहाऐंशी वेळा म्हटलं नाहीस.

सोमवारी तेवीस तारीख आहे. दहा वाजता मी सार्जंटसमोर बसणार. तुझं नाव सांगणार, मावशीची गल्ली सांगणार, चमचा आणि कागद टेबलावर ठेवणार. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. अपॉलसकाका रविवारी निघतो. सीट अजून रिकामी आहे, आणि या खेपेला पट्टा लावायला काहीही पाठवू नकोस.

आलास तर तू सांगशील. नाही आलास तर मी सांगेन. मी सांगितलं तर सगळं सांगेन, माझा फोटो धरून, काही वगळणार नाही.

मोठ्या दगडाखालची ती एक, तीही सांगेन.

सीना